नागपुरात एकच दिवस मोकळा आहे आणि पाऊस लागला, तर जुनं शहर कसं बघावं?

ऑगस्टमध्ये कामानिमित्त येताय, एक दिवस हाताशी आहे, पाऊस असला तर हॉटेलातच बसून राहावं लागेल का, असं तुम्ही विचारलंय. मुळीच नाही. झड लागली तर गोष्ट वेगळी, पण एरवी इथला पाऊस तासभर धो धो कोसळतो आणि मग उघडीप देतो. म्हणून हिशेब साधा ठेवा: सर आली की छताखाली, उघडलं की महाल या जुन्या वस्तीत पायी.

सकाळी आधी ठेल्यावर तर्री पोहे खा. पोह्यांवर चण्याची लालभडक तर्री, कच्चा कांदा, लिंबू. तिखट झेपत नसेल तर तर्री वेगळ्या वाटीत मागा. कोणी हसणार नाही. म्हणजे हसतील, पण देतील.

छताखाली म्हटलं तर पहिला अजब बंगला. हे १८६३ पासूनचं मध्यवर्ती संग्रहालय, पण ऑटोवाल्याला ‘अजब बंगला’च सांगा. पेंढा भरलेल्या प्राण्यांपुढे पोरांचा गोंगाट असतो. तुम्ही जुन्या मूर्ती, शिलालेख आणि शस्त्रांच्या दालनांत वेळ घाला. सोमवारी बंद असतं. दुसरी जागा दीक्षाभूमी. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी जिथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि दिली, तिथला हा स्तूप आतून पोकळ आहे. बाहेर कितीही पाऊस असो, त्या गोल सभागृहात शांत बसता येतं. घाई करू नका तिथे.

झिरो माईल दोन मिनिटांचं काम. चार घोडे, एक दगडी खांब, शेजारच्या दगडावर गावांची अंतरं कोरलेली. मेट्रो जवळच थांबते, त्यामुळे छत्री उघडून जाऊन या. देशाचा मध्यबिंदू म्हणून लोक फोटो काढतात. मुळात तो इंग्रजांच्या सर्वेक्षणाचा खांब.

खरं नागपूर मात्र महालातच. देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंद शहाने १७०२ च्या सुमारास हे शहर वसवलं, पुढे रघूजी भोसल्यांनी इथे राजधानी केली. गांधी गेट म्हणजे पूर्वीचा जुम्मा दरवाजा, जुन्या तटबंदीची आठवण. त्यातून आजही दुचाक्या आणि ऑटो हॉर्न मारत जातात, म्हणून कमानीखाली उभं राहून वर बघताना जरा जपून. तिथून रुक्मिणी मंदिराकडे जा, तेही सर ओसरल्या ओसरल्या. दगड ओला असतो तेव्हा नक्षीतली सावली गडद होते आणि कोरीव काम जास्त उठून दिसतं. भर उन्हात तेच सपाट वाटतं. वाटेत एखाद्या जुन्या वाड्याचे सागवानी खांब दिसले तर बाहेरूनच बघा, बहुतेक ठिकाणी आत लोक राहतात.

१८१७ च्या लढाईचा सीताबर्डी किल्ला लष्कराकडे आहे. सामान्यांसाठी तो २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टलाच उघडतो, तेव्हा पावसाळ्यात एकच मुहूर्त. अंबाझरीचा तलाव मात्र जोराच्या पावसात टाळा. सप्टेंबर २०२३ मध्ये तो ओसंडून वाहिला आणि खालच्या वस्त्यांत पाणी शिरलं होतं.

आणि तारीख पुढेमागे करता येत असेल तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी या. त्या दिवशी मारबतींची, म्हणजे मोठ्या बायकी पुतळ्यांची मिरवणूक असते. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. दोघींची गाठ इतवारीकडे पडते. सोबत बडगे असतात, म्हणजे महागाईपासून पुढाऱ्यांपर्यंत ज्याच्यावर राग असेल त्याचा पुतळा, आणि सगळीकडे एकच आरोळी, ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!’ पाऊस आला तरी कोणी हलत नाही. फक्त गाडी त्या भागात नेऊ नका, जुन्या चपला घाला आणि मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.