वाचकांचे प्रश्न : छोट्या विमानातून ओकावांगो

प्रश्न : आम्ही दोघे जुलैमध्ये बोत्स्वानाला जात आहोत. माऊनहून ओकावांगोच्या त्रिभुज प्रदेशावर छोट्या विमानाची फेरी घ्यायची आहे. ४५ मिनिटांची घ्यावी की तासाची? सिंह, बिबटे दिसतील का?

उत्तर : तासाची घ्या. माऊन त्रिभुज प्रदेशाच्या दक्षिण काठावर आहे. विमान उडाल्यावर आधी घरे, गुरांचे वाडे आणि कोरडे रान लागते. मग खाली एक सरळ रेघ दिसते. ते कुंपण आहे, रानरेड्यांकडून गावच्या गुरांना लाळ्या-खुरकूत होऊ नये म्हणून घातलेले. वन्यप्राण्यांचा मुलूख त्याच्या पलीकडे. तिथवर जाण्यायेण्याचा वेळ दोन्ही फेऱ्यांत सारखाच जातो, म्हणून जादा पंधरा मिनिटे सगळीच्या सगळी पाण्यावर मिळतात.

सिंहाची आशा धरू नका. दिवसा तो सावलीत पडून असतो आणि वाळलेल्या गवताचा रंग त्याच्या अंगासारखाच. सुमारे १५० मीटर उंचीवरून तो दिसलाच तर नशीब म्हणायचे. बिबट्या विसराच. हत्ती, रानरेड्यांचे कळप, पाणघोडे आणि पाणथळीत राहणारी लेचवे कुरंगे मात्र छान दिसतात. जिराफ बऱ्याचदा सावलीवरून ओळखावा लागतो : वरून अंग एवढेसे दिसते आणि शेजारी जमिनीवर लांब मानेची सावली पसरलेली असते.

जीपमधून लक्षात न येणारी एक गोष्ट वरून पाहा. तिथे जुलैत पाऊस नसतो, तरी सगळीकडे पाणी असते. अंगोलाच्या डोंगराळ भागात तिकडच्या उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते मार्चच्या सुमारास, पडलेला पाऊस कुबांगो आणि कुइतो नद्यांतून महिनोन्‌महिने सरकत इथे येतो आणि साधारण जून ते ऑगस्टमध्ये पूर भरात असतो. लव्हाळ्यातून गेलेल्या गडद नागमोडी रेघा म्हणजे पाणघोड्यांच्या वाटा. त्यांच्या रोजच्या येण्याजाण्याने त्या मोकळ्या राहतात आणि पाणी त्यांतूनच पुढे वाट काढते. बेटांकडेही नीट पाहा. पुष्कळशी बेटे वारुळापासून सुरू झालेली आहेत. कडेला झाडांचे हिरवे कडे आणि मधोमध पांढरा डाग. झाडे पाणी शोषून घेतात, क्षार मागे उरतात आणि बेटाच्या पोटात साचतात. तिथे मग फारसे काही उगवत नाही. ओकावांगोवर उडायचे ते हे पाहण्यासाठी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : कंपनीने सगळ्यांची वजने विचारली आहेत. माझे वजन ९५ किलो. पैसे भरूनही मनासारखी जागा मिळणार नाही का?

उत्तर : वजन खरे सांगा, तेही बुटांसह आणि कॅमेऱ्याच्या पिशवीसह. सहा आसनी सेस्ना २०६ मध्ये पायलट धरून सहाच माणसे बसतात, त्यामुळे वीस किलो लपवले तरी हिशेब बिघडतो. मागे जास्त भार झाला तर नाक वर उचलले जाते आणि विमान सांभाळणे अवघड होते. शिवाय माऊन समुद्रसपाटीपासून ९०० मीटरहून उंच आहे. दुपारच्या तापलेल्या विरळ हवेत उड्डाणाला धावपट्टी जास्त लागते आणि विमान सावकाश चढते. म्हणून पायलट बसवील तिथेच बसा, हवेत जागा बदलू नका.

खिडकीची चिंता नको. या विमानांचे पंख छताच्या पातळीवर असतात, त्यामुळे खाली पाहताना पंख आड येत नाही. पंखाला आधार देणारा तिरपा दांडा काही खिडक्यांसमोर येतो, तेवढे जमिनीवर असतानाच बसून पाहा. आठ आसनी एअरव्हॅन मिळाले तर उत्तम, त्याच्या खिडक्या मोठ्या आणि बाहेर फुगीर असतात. एक गोष्ट मात्र आधीच ठरवा. डावीकडे वळताना डाव्या बाजूला जमीन दिसते आणि उजव्या बाजूला फक्त आकाश. पायलट डावीकडे बसतो, त्याला डावीकडचेच नीट दिसते. दोन्ही बाजूंनी वळसे घ्याल ना, हे उडण्यापूर्वी विचारा.

प्रश्न : मागच्या वेळी फोटो हलले आणि काहींवर इंद्रधनुष्यासारखे पट्टे आले. काय चुकले?

उत्तर : पट्टे पोलरायझर फिल्टरचे, म्हणजे चकाकी कमी करायला लेन्सवर लावतात त्या काचेचे. विमानाची खिडकी काचेची नसून प्लॅस्टिकची असते, तिच्यातला ताण त्या फिल्टरमधून रंगीत दिसतो. फिल्टर काढून ठेवा.

हलण्याचे गणित सोपे आहे. ताशी १८५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ५१ मीटर. शटर १/१२५ सेकंद ठेवले तर तेवढ्यात विमान ४० सेंटिमीटर पुढे जाते, १/१००० ला जेमतेम ५. तेव्हा १/१००० च्या खाली येऊ नका, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) वाढला तर वाढू द्या. लेन्स खिडकीला टेकवू नका, इंजिनाची थरथर थेट कॅमेऱ्यात उतरते. कोपरही भिंतीला नको. ७०-२०० मिलिमीटरची लेन्स पुरते. ४०० ने प्राणी चौकटीत सापडेपर्यंत तो मागे गेलेला असतो. गडद रंगाचा सदरा घाला, पांढऱ्याचे प्रतिबिंब खिडकीत पडते. खिडकी उघडता येत असेल तर लेन्सचे हूड (पुढे लावलेले झाकणासारखे कडे) आधी काढा. वाऱ्याने ते उडाले तर शेपटीवर आदळू शकते.

प्रश्न : विमानाच्या आवाजाने प्राणी बिथरत नाहीत का?

उत्तर : बिथरतात. हत्ती पिलांना मध्ये घेऊन गोळा झाले, सोंडा वर केल्या किंवा कळप पळू लागला, तर विमान फार खाली आलेले आहे असे समजा. सरळ निघून गेलेल्या विमानापेक्षा एकाच कळपावर घिरट्या घालणाऱ्या विमानाचा त्रास जास्त. अनेक पायलट प्रवाशांना खूश करायला आणखी एक वळसा घेतात. हेडसेटवर ‘वर चला, पुढे जाऊ’ म्हणायला संकोच करू नका.

प्रश्न : मला गाडीतही मळमळते. काय करावे?

उत्तर : सकाळचे पहिले उड्डाण घ्या. ऊन चढले की तापलेल्या जमिनीवरून हवा वर उसळते आणि विमान गचके खाते. गोळी डॉक्टरांना विचारून साधारण तासभर आधी घ्या. मळमळू लागल्यावर घेतलेली गोळी फारशी कामाला येत नाही. रिकाम्या पोटी जाऊ नका, थोडे कोरडे खाल्लेले बरे. जास्त त्रास कॅमेऱ्यात डोळा घालून बसल्याने होतो. दोन-तीन फोटो काढले की मान वर करून क्षितिजाकडे पाहा. उलटीची पिशवी मांडीवर उघडून ठेवा. वेळ आल्यावर सीटच्या खिशात शोधायला सवड मिळत नाही.