सिंक, संकालन आणि रोजमेळातला मेळ

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानाचा हिशेब पाहणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे : फोनची भाषा मराठी केली की कुठे ‘सिंक’ दिसतं, कुठे ‘समक्रमण’, तर कुठे ‘संकालन’. हे सगळं एकच का? आणि हा शब्द आला कुठून?

एकच. ‘सिंक’ हे ‘सिंक्रोनाइझ’चं आखूड रूप. मूळ ग्रीक. ‘सिन’ म्हणजे सह, ‘ख्रोनॉस’ म्हणजे काळ. दोन गोष्टी एकाच वेळी घडणं. हे आखूड रूप रुळलं १९२०च्या दशकाच्या अखेरीस, बोलपटांबरोबर. पडद्यावरचे ओठ आणि आवाज जुळवणं हे तेव्हाचं मोठं काम होतं. पुढे संगणकवाल्यांनी तोच शब्द घेतला, दोन यंत्रांवरच्या नोंदी एकसारख्या ठेवण्यासाठी.

‘सिन’ आणि आपलं ‘सम्’ मुळात एकच, असं वाटणं साहजिक आहे, पण तसं नाही. शब्दाच्या सुरुवातीला स्वराआधी आलेल्या जुन्या ‘स’चा ग्रीकमध्ये ‘ह’ होतो. ‘सप्त’चा तिकडचा भाऊबंद ‘हेप्टा’, ‘सम’चा ‘होमोस’. ‘सिन’चं जुनं रूप ‘क्सिन’, म्हणून त्यातला ‘स’ टिकला. नातं नसलं तरी ‘संकालन’ हा शब्द मूळ अर्थाला धरून घडवलेला आहे, आणि मला तो ‘समक्रमण’पेक्षा उजवा वाटतो. इथे प्रश्न क्रमाचा नाही, काळाचाच आहे : एकाच नोंदीच्या दोन प्रती वेगळ्या निघाल्या, की पुष्कळ प्रणाली शेवटचा बदल कधीचा ते पाहून नवी प्रत ठेवतात.

पण ताई, बोलताना मी ‘मेळ घालणं’ म्हणेन. तुमच्या रोजमेळातलाच, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीतलाच, हा मेळ. नक्कल एका बाजूने होते, मेळ दोन्ही बाजूंचा असतो, आणि सिंकचं नेमकं मर्म तेच आहे. फोनवर नोंद केली की दुकानातल्या संगणकावर दिसते. पण फोनवरची हिशेबपट्टी पुसली, तर तिकडचीही जाते. म्हणून सिंक चालू आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नका. वेगळी जपून ठेवलेली प्रत म्हणजे बॅकअप, आणि ती वेगळीच घ्यावी लागते.

‘सिंक झालं का?’ असं विचारायलाही काही हरकत नाही. भांडी घासायच्या सिंकशी घोटाळा होईल ही भीती नको. इंग्रजीतही दोन्हींचा उच्चार एकच आहे.