जलद चार्जर, मंद चार्जर आणि सोलापूरचा उन्हाळा

प्रश्न : पूर्व भागात आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. गेल्या वर्षी घेतलेल्या फोनबरोबर ६७ वॉटचा चार्जर आला होता. परंतु जलद चार्जिंगने बॅटरी लवकर खराब होते असे मुलाने सांगितल्यामुळे मी तो बाजूला ठेवला आणि जुन्या फोनचा १० वॉटचा चार्जर वापरू लागलो. मार्चपासून फोन दिवसभर कारखान्यात पत्र्याखाली त्या चार्जरवर लावलेला असतो. तरीही आता बाहेर पडलो की तीन-चार तासांत बॅटरी संपते. मग मंद चार्जिंगचा उपयोग काय झाला?
– एक यंत्रमागधारक, सोलापूर

उत्तर : आपल्या मुलाचे म्हणणे खोटे नाही, पण ते अर्धेच आहे, आणि आपल्या बॅटरीचे नुकसान बहुधा उरलेल्या अर्ध्यामुळे झाले आहे.

आधी जलद चार्जिंगचा धोका नेमका कोणता ते पाहू. फोनमधील लिथियम-आयन बॅटरी चार्ज होत असते, तेव्हा लिथियमचे आयन एका बाजूकडून निघून द्रवातून दुसऱ्या बाजूच्या ग्रॅफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात. आयन ज्या वेगाने येतात त्या वेगाने त्यांना आत जागा मिळाली नाही, तर त्यांतील काही ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावरच धातूच्या रूपात साचतात आणि त्यांतील बराचसा भाग पुन्हा कामाला येत नाही. हा धोका कडाक्याच्या थंडीत आणि बॅटरी भरत आलेली असताना अधिक असतो. म्हणूनच किती वीज घ्यायची हे चार्जर नव्हे, तर फोन ठरवतो. चार्जरवर ६७ वॉट लिहिलेले असले, तरी फोन तेवढी वीज सुरुवातीची काही मिनिटेच घेतो आणि पुढे ती उतरवत नेतो. ऐंशी टक्क्यांनंतरचा टप्पा कोणत्याही चार्जरवर संथच असतो. काही जलद चार्जिंगच्या फोनमध्ये बॅटरी दोन भागांत विभागलेली असते, त्यामुळे प्रत्येक भागावर निम्माच भार येतो. थोडक्यात, फोनबरोबर आलेला चार्जर आपण समजता तितका आडदांड नाही.

आता उरलेला अर्धा भाग, म्हणजे उष्णता. ग्रॅफाइटवर पहिल्याच चार्जिंगमध्ये एक पातळ पापुद्रा तयार होतो आणि तो आवश्यकही असतो. परंतु बॅटरी तापत राहिली की तो जाड होत जातो आणि त्यात लिथियम कायमचे अडकते. रासायनिक क्रियांचा वेग दर दहा अंशांना साधारण दुप्पट होतो, असा एक ढोबळ ठोकताळा आहे. त्यातच बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल, तर तिच्यातील व्होल्टेज सर्वाधिक असते आणि आतील द्रवाचे विघटनही वाढते. भोवतालचे तापमान ३५ अंशांच्या वर गेले, तर बॅटरीची क्षमता कायमची घटू शकते, असे ॲपल कंपनी स्वतःच आपल्या ग्राहकांना सांगते. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत चाळिशी ओलांडलेली असते आणि पत्र्याखाली त्याहूनही अधिक; म्हणजे चार्जरची पिन लावण्यापूर्वीच आपण ती मर्यादा ओलांडलेली असते. मंद चार्जरवरही आपला फोन दोन-तीन तासांत भरत असेल आणि उरलेला सारा दिवस त्या भट्टीत शंभर टक्क्यांवर बसून राहत असेल. लहान धोका टाळताना आपण त्याला मोठ्या धोक्यात ठेवले, हे मला स्पष्टपणे सांगावेसे वाटते, कारण आपल्या शहरात हीच चूक अनेक घरांत आणि दुकानांत काळजीपोटीच होताना मी पाहतो.

माझा सल्ला असा की, उन्हाळ्यात पहाटे घरी, हवा थंड असताना, फोनबरोबर आलेल्या चार्जरनेच वीस-तीस टक्क्यांपासून ऐंशीपर्यंत चार्ज करावा. तेवढ्याला साधारण अर्धा तास लागेल. कव्हर काढून फोन शहाबादी फरशीवर ठेवावा, गादीवर किंवा घडी केलेल्या चादरीवर नव्हे. ऊब धरून ठेवणे हेच तर सोलापुरी चादरीचे काम आहे. स्कूटरवरून उन्हातून आल्यावर फोन आधी निवू द्यावा आणि मगच चार्जिंगला लावावा. ऐंशी टक्क्यांवर थांबण्याची सोय सेटिंगमध्ये असेल, तर ती सुरू करावी. कारखान्यात ठेवणे भाग असेल, तर निदान पिन काढून ठेवावी. गड्डा यात्रेच्या दिवसांत, म्हणजे जानेवारीत, मात्र कोणताही चार्जर वापरला तरी फारसा फरक पडणार नाही. शून्य अंशाखाली चार्जिंग केल्याने होणारे नुकसान आपल्या हवेत संभवत नाही.

यंत्रमागाजवळ काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. सुताचे बारीक तंतू चार्जिंगच्या छिद्रात साचतात, पिन नीट बसत नाही आणि त्या ठिकाणी उष्णता वाढते. फोन बंद करून लाकडी काडीने ते हलकेच काढता येतात.

गेलेली क्षमता मात्र परत येत नाही. युरोपीय संघाने जून २०२५ पासून लागू केलेल्या नियमानुसार फोनच्या बॅटरीने ८०० चार्जिंग-चक्रांनंतरही किमान ८० टक्के क्षमता राखली पाहिजे. येथे एक चक्र म्हणजे एकूण शंभर टक्के वापर, मग तो दोन दिवसांत मिळून का झालेला असेना. आपला फोन वर्षातच इतका थकला असेल, तर अधिकृत सेवा केंद्रात बॅटरी बदलून घेणे योग्य. फोनची पाठ फुगलेली दिसली, तर चार्जिंग त्याच क्षणी थांबवावे.

प्रश्न : बॅटरी पूर्ण संपवूनच चार्ज करावी, असे वडील सांगतात. ते बरोबर आहे का?
– एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : वडिलांचा अनुभव निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातला असावा, तिच्यासाठी हा सल्ला खरोखरच दिला जात असे. लिथियम-आयन बॅटरीला वारंवार शून्यावर नेणे उलट त्रासदायक ठरते, त्यामुळे वीस टक्क्यांच्या आसपास आल्यावर ती चार्ज करावी. टक्केवारी एकदम चाळिसावरून दहावर उतरल्यासारखी दिसू लागली, तर मात्र एकदा पूर्ण उतरवून पूर्ण भरावी. त्याने बॅटरी सुधारत नाही, परंतु फोनचा अंदाज अनेकदा ताळ्यावर येतो.