अंजिराचं बोन्साय: आधी खोड, उथळ कुंडी नंतर

प्रश्न: छाट कलमापासून केलेलं अंजिराचं दोन वर्षांचं रोप आहे. उंची दीड फूट, खोड करंगळीएवढं. त्याचं बोन्साय करायचं आहे. आत्ताच उथळ कुंडीत लावू का? पानं तळहाताहून मोठी येतात, ती लहान कशी होतील? फळं धरतील का?

उत्तर: उथळ कुंडी आत्ता नको. अंजिराची बिघडलेली बोन्साय मी पाहतो, त्यातल्या बहुतेकांची चूक हीच असते. थोड्या मातीत मुळं कोंडली की खोड जाड होणं जवळजवळ थांबतं. मग दहा वर्षांनीही ते झाड वाटत नाही, कुंडीतली काडीच दिसते. बोन्सायमध्ये खोडाची जाडी उंचीच्या साधारण सहाव्या भागाएवढी असली की झाड जुनं, भारदस्त वाटतं. म्हणजे एक फूट उंचीचं झाड हवं असेल तर बुंध्याशी दोन इंच जाडी हवी. तुमचं खोड अजून अर्ध्या इंचाचंही नाही.

म्हणून रोप जमिनीत लावा, जागा नसेल तर मोठ्या खोल कुंडीत. लावताना बुडाखाली एक सपाट फरशी ठेवा आणि मुळं तिच्यावर चहूबाजूंनी पसरवून मातीने झाका. मुळं खाली न जाता आडवी वाढतात आणि पुढे बुंधा पसरट, जमिनीला धरून बसलेला दिसतो. छाट कलमाच्या रोपाला सोटमूळ नसतं, ही आपल्या सोयीची गोष्ट. त्यानंतर झाडाला मोकळं वाढू द्या. शेंडा खुडू नका, शेणखत द्या, पाणी वेळेवर द्या. जितका पाला जास्त, तितकं खोड लवकर भरतं. इथे छाटणीची घाई केली तर आपलंच नुकसान.

बुंधा मनासारखा झाला की खोड शेवटच्या उंचीच्या एकतृतीयांशावर कापायचं. खालून फुटतील त्यातला जोमदार, योग्य दिशेचा एक फुटवा शेंडा म्हणून धरायचा. तो भरला की त्यालाही वर कापायचं. अशा दोन-तीन कापांनी खोड खाली जाड, वर निमुळतं होतं. याला चार-पाच वर्षं लागतात.

अंजिराची छाटणी मात्र इतर झाडांसारखी नाही. कोवळ्या फांदीत मऊ भेंड असतं आणि काप डोळ्याला (नवी फूट येते त्या कोंबाला) लागून घेतला तर फांदी खालपर्यंत वाळत जाते. म्हणून डोळ्याच्या वर बोटभर खुंट ठेवा आणि तो वाळला की मग स्वच्छ काढा. मोठी जखम अंजीर सावकाश भरतं, तिथून कूज आत शिरते. चीक पुसून, काप कोरडा झाल्यावर बोर्डो पेस्ट लावा: 10 ग्रॅम मोरचूद आणि 10 ग्रॅम चुना, मिळून 100 मिलि पाण्यात. दोन्ही वेगवेगळे भिजवून एकत्र करा, लोखंडी भांडं वापरू नका.

चिकाबद्दल कळकळीने सांगतो. अंजिराचा चीक त्वचेवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात आणि काळे डाग बरेच दिवस राहतात. हातमोजे घाला, लहान मुलांना लांब ठेवा, काम झालं की साबणाने हात धुऊनच उन्हात जा.

वळण देण्यासाठी ॲल्युमिनियमची तार फक्त कोवळ्या, नुकत्या पक्व होणाऱ्या फांदीला गुंडाळा. जुनं लाकूड ठिसूळ असतं, कट्कन मोडतं. ते दोरीने हळूहळू खाली ओढलेलं बरं. वाढीच्या दिवसांत तार काही आठवड्यांतच सालीत रुतते, तेव्हा दर आठवड्याला पाहत जा.

उथळ कुंडीत हलवायची वेळ पानगळीनंतर, डोळे फुगायला लागतात तेव्हाची. झाड पूर्ण पानं टाकत नसेल तर नवी पालवी फुटण्याआधीचा काळ धरा. एका वेळी मुळांचा एकतृतीयांशाहून अधिक भाग कापू नका, खाली जाणारी जाड मुळं आधी काढा. कुंडीत भरायच्या माध्यमात दोन भाग विटांचे बारीक तुकडे, एक भाग पोयटा माती, एक भाग चाळलेलं कंपोस्ट चांगलं. पाणी कुंडीत क्षणभरही साचता कामा नये.

मुळं हाताळताना त्यांवर गाठी दिसतात का, ते नीट पाहा. अंजिरावर सूत्रकृमीचा, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमीचा, त्रास फार. गाठी भरपूर असतील तर ती माती पुन्हा वापरू नका. झाड वाचवण्यापेक्षा वरच्या फांदीची वीतभर काडी काढून निर्जंतुक माध्यमात नवं कलम करा. कृमी मुळांत असतो, फांदीत नाही.

आता पानं. अंजिराचं पान वडासारखं किंवा पिंपळासारखं लहान होत नाही, हे आधीच मान्य केलेलं बरं. तरी बराच फरक पडतो. फुटव्याला दोन-तीन पानं आली की शेंडा खुडायचा, नत्र कमी द्यायचं आणि झाड दिवसभर उन्हात ठेवायचं. सावलीत पेरं लांबतात, पानं आणखी पसरतात, म्हणून हे झाड घरात ठेवायचं नाही. झाड तयार आणि निरोगी असेल तर भर वाढीत वर्षातून एकदाच सगळी पानं देठ ठेवून कापता येतात, दुसरी फूट लहान येते. अशक्त झाडावर हा प्रयोग नको.

फळं धरतील. लागवडीतल्या बहुतेक जातींना परागीभवनाची गरज नसते. पण पान लहान झालं तरी फळ लहान होत नाही. झाड घडत असताना फळं खुडून टाका, नंतर दोन-तीनच ठेवा. फळ पानाच्या बगलेत, बहुतेक नव्या फुटीवर येतं, त्यामुळे फळं हवीत त्या वर्षी पानं काढू नका.

आणखी एका शेतकऱ्याने विचारलं आहे की रोपवाटिकेतून ‘फायकस’ आणलं, त्याला हेच लागू का. नाही. ते सदाहरित, लहान पानांचं, पारंब्या सोडणारं झाड असतं. अंजिराच्याच कुळातलं असलं तरी विश्रांती घेत नाही. त्याची मुळं उबदार दिवसांत, भर वाढीत कापायची. चिकाची खबरदारी मात्र त्यालाही घ्या.