वृद्धांच्या केअर सेंटरमध्ये पहिली नर्सिंगची नोकरी: हात गंजतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) नुकतंच झालंय, पुण्यातल्या एका वृद्धांच्या केअर सेंटरमधून बोलावणं आलंय, हॉस्पिटलचं अजून काही ठरत नाही. बॅचमधल्या मुली म्हणतात, तिथे डायपर बदलण्यात दिवस जाईल आणि हात गंजेल. तर जावं का, आणि गेलं तर सुरुवातीला काय सांभाळावं?

मी लातूरकडची. माझी पहिली नोकरी अशाच एका ३२ बेडच्या सेंटरमध्ये होती. तीन वर्षं तिथे काढली, मग दोन वर्षं एका हॉस्पिटलच्या आयसीयूत, आणि आता परत वृद्धांकडेच आलेय. दोन्हीकडचं पाणी प्यायलेली आहे, म्हणून लिहितेय.

हात गंजतो, हे खोटं नाही. आयव्ही (शिरेत सुई) लावणं, इन्फ्युजन पंप (औषध मोजून शिरेत सोडणारं यंत्र), व्हेंटिलेटर, क्रॅश कार्ट (इमर्जन्सीच्या सामानाची गाडी) या गोष्टी रोज हाताखालून गेल्या नाहीत तर सुटतात. आयसीयूत गेले तेव्हा पहिला महिनाभर माझ्याहून ज्युनियर मुलगी मला पंप सेट करायला शिकवत होती आणि मी मान खाली घालून शिकत होते. पण मॉनिटर ओरडायच्या आधी पेशंट बिघडतोय हे मला कळायचं, आणि ते त्या ३२ बेडवर कळायला लागलं होतं. तेही चूक करून.

नोकरीचा दुसरा महिना. ८१ वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, सगळे त्यांना 'बाई' म्हणायचे. 'आजी' म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. डिमेन्शिया (स्मरणशक्ती जाण्याचा आजार), बीपी, लघवीसाठी कॅथेटर (नळी) लावलेला, वॉकर धरून व्हरांड्यापर्यंत चालायच्या. एक दिवस सकाळच्या चहाच्या वेळी आमच्या मदतनीस मावशी मला म्हणाल्या, "सिस्टर, बाईंनी आज बिस्कीट बुडवलं नाही. नुसतं हातात धरून बसल्यात." मी व्हायटल्स घेतले. टेम्परेचर ९८.२, बीपी ११०/७०, पल्स ९६. सगळं पुस्तकाप्रमाणे नॉर्मल. नोट्समध्ये 'जनरल कंडिशन स्टेबल' लिहून मोकळी झाले. दुपारी मावशी परत आल्या, "त्या मला ओळखत नाहीयेत." मी म्हटलं, "अहो मावशी, डिमेन्शिया आहे त्यांना."

संध्याकाळी बाई हाकेला ओ देईनात. युरोबॅगमध्ये (लघवीच्या पिशवीत) जेमतेम शंभर मिली, गढूळ. पल्स ११८, बीपी ९०/६०, आणि ताप तेव्हाही ९९ च्या वर नाही. हॉस्पिटलला हलवल्या. लघवीतलं इन्फेक्शन रक्तात गेलं होतं. नऊ दिवसांनी परत आल्या, पण वॉकर पुन्हा हातात धरला नाही.

आमचे डॉक्टर ओरडले नाहीत. त्यांनी फक्त चार्ट उघडून मागची पानं दाखवली. बाईंचा रोजचा पल्स ७०-७२, बीपी १५० च्या आसपास. महिनाभर मीच ते लिहीत होते, माझ्याच अक्षरात. ११०/७० माझ्यासाठी नॉर्मल होतं, बाईंसाठी नव्हतं.

हॉस्पिटलमध्ये पेशंट चार दिवस असतो आणि आजार घेऊनच येतो. तिथे तुम्ही आजार ओळखता. इथे माणूस चार-चार वर्षं असतो, डॉक्टर आठवड्यातून एकदा-दोनदा येतात, लॅब नाही, मॉनिटर नाही. इथे तुम्हाला त्या माणसाचं 'रोजचं' ठाऊक हवं. म्हातारपणी इन्फेक्शन झालं तरी ताप चढेलच असं नाही, हार्ट अटॅक आला तरी छातीत दुखेलच असं नाही, सोडियम उतरलं तर नुसती झोप वाढते. खाणं सुटणं, तोल जाणं, अचानक गोंधळणं हीच लक्षणं. डिमेन्शिया महिन्या-वर्षांत वाढतो, डिलिरियम (आजारपणामुळे अचानक येणारा गोंधळ) काही तासांत येतो. त्यातही आरडाओरडा करणारा डिलिरियम सगळ्यांना दिसतो. गप्प पडून राहणारा निसटतो, कारण तो पेशंट कोणाला त्रास देत नाही. 'आज आजी किती शांत आहेत' असं कोणी म्हणालं की मी उठून बघून येते.

म्हणून पहिल्या पंधरा दिवसांत एक वही करा. बेड नंबरवार एकेक पान: रोजचं बीपी-पल्स किती, चालतात कसे, जेवायला किती वेळ लागतो, शौचाला किती दिवसांनी होते, कवळी आहे का, ऐकायला कोणत्या कानाने येतं, काय हाक मारली की वळून बघतात. (एक रिटायर्ड हवालदार होते, 'आजोबा' म्हटलं की भिंतीकडे तोंड करायचे, 'साहेब' म्हटलं की गोळी घ्यायचे.) नावं लिहू नका, आणि वही घरी नेऊ नका, नर्सिंग स्टेशनलाच ठेवा.

आणि मावशींचं ऐका. जीएनएमची टोपी नवी असते तेव्हा हे जड जातं, मलाही गेलं. पण आंघोळ त्या घालतात, घास त्या भरवतात. आजार शरीरात कुठून शिरला ते त्यांच्या हाताला आपल्या स्टेथोस्कोपआधी लागतं.

दुसरी चूक आषाढी एकादशीची. डायबेटिसच्या एक काकू होत्या, सकाळी आठला ३०/७० इन्सुलिन आणि मग नाश्ता. मी वेळेवर इन्सुलिन दिलं, ताट आलं, टिक मारली, पुढच्या बेडला गेले. साडेदहाला काकू घामाने निथळत होत्या आणि असंबद्ध बोलत होत्या. शुगर ४६. काकूंनी एकादशी धरली होती, कोणाला सांगितलं नव्हतं, आणि उपमा शेजारच्या आजींना देऊन टाकला होता. गिळता येत होतं म्हणून निभावलं: तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून, पंधरा मिनिटांनी ६८, परत तीन चमचे, मग १०४, मग भगर खायला घातली. विठोबाच पावला म्हणायचा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात मात्र काही घालायचं नाही, शिरेतून डेक्स्ट्रोज द्यावं लागतं. ते द्यायची सोय सेंटरला आहे का, हे जॉइन होण्याआधीच विचारा.

त्या दिवसापासून माझा नियम: ताट समोर आल्याशिवाय, पहिला घास तोंडात जाताना दिसल्याशिवाय सुई नाही. आणि स्टेशनवरच्या कालनिर्णयमध्ये एकादशी, चतुर्थी, रोजे, सगळ्याला लाल गोल.

इन्सुलिनचंच अजून एक. आपल्याकडे वायल (बाटली) बहुतेक मिलीला ४० युनिटची असते आणि तिची सिरिंज लाल टोपणाची. १०० युनिटवाल्याची नारिंगी टोपणाची. पेनचं कार्ट्रिज १०० चं. पेन बिघडलं म्हणून कार्ट्रिजमधून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये दहाच्या खुणेपर्यंत ओढलं तर पंचवीस युनिट जातात. नातेवाईक दर महिन्याला वेगळ्या दुकानातून वेगळं सामान आणून देतात, त्यामुळे बाटलीवरचा आकडा रोज वाचायचा, पाठ आहे म्हणायचं नाही.

गोळ्यांचंही तसंच. हॉस्पिटलमधून डिस्चार्ज होऊन आलेल्या माणसाच्या पिशवीत जुनी बीपीची गोळी आणि नवी बीपीची गोळी असते, नावं दोन, आत औषध एकच. दोन्ही चालू राहतात आणि तिसऱ्या दिवशी आजोबा बाथरूममध्ये पडतात. कंपनीचं नाव सोडून खालचं बारीक अक्षरातलं नाव वाचत जा. राइल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात गेलेल्या नळीतून) द्यायला गोळ्या कुटायची पद्धत असते, पण पाकिटावर एसआर, ईआर, एक्सआर असं काही असलं (म्हणजे औषध हळूहळू सुटणारी गोळी) किंवा गोळी एंटेरिक कोटेड (आतड्यात जाऊनच विरघळणाऱ्या आवरणाची) असली तर कुटायची नाही, डॉक्टरांना दुसरा पर्याय विचारायचा. पार्किन्सनची गोळी घड्याळाच्या काट्यावर. तुमचा राउंड एक तास लांबला तर तो माणूस तासभर लाकूड होऊन बसतो आणि घासही गिळू शकत नाही. नळीतून फीड देताना डोकं निदान ३० ते ४५ अंश वर, आणि संपल्यावरही अर्धा-पाऊण तास तसंच. नाईटला झोपेत असताना आडवं ठेवून फीड देण्याचा मोह होतो. त्यातूनच न्यूमोनिया होतो.

बेडसोअर, म्हणजे पडून राहून दाबाने होणारी जखम. यावरूनच नातेवाईक भांडतात आणि बऱ्याचदा बरोबर भांडतात. दर दोन तासांनी पोझिशन बदलायची हे तुम्हाला कॉलेजात शिकवलंच असेल. न शिकवलेलं सांगते. नवा माणूस भरती झाला की त्याच दिवशी, नातेवाईक गेटबाहेर पडायच्या आत, माकडहाड, नितंब, टाचा, घोटे, कोपर सगळं उघडून बघा, लिहा, त्यांची सही घ्या. घरून आलेला सोअर चार दिवसांनी तुमच्या नावावर लागतो. आपल्या सावळ्या रंगावर लाली पटकन दिसत नाही, म्हणून हात लावून बघायचं: आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा गिळगिळीत लागतं का. लाली दाबली आणि बोट उचलल्यावर पांढरी पडलीच नाही, तर सोअर सुरू झालाय. तिथे चोळून मालिश करायचं नाही, आतली त्वचा अजून फाटते. ती हवेची गोल रिंगही नको, कडेने दाब येऊन रक्त अडतं. टाचेसाठी उशी पोटरीखाली ठेवा, टाच अधांतरी राहिली पाहिजे. अल्फा बेड (हवा भरणारी-सोडणारी गादी) चालू आहे म्हणून कूस बदलायची गरज नाही, असं सांगणारे सिनियर भेटतील. हो म्हणा आणि बदला.

ट्यूब ओढतात म्हणून पेशंटचे हात बांधलेले दिसतील. मला ते बघवत नाही. बहुतेक वेळा नाकाची चिकटपट्टी टोचत असते, लघवी तुंबलेली असते, किंवा पाच दिवस पोट साफ नसतं. आधी ते बघा. (पोट साफ नसताना पातळ शी गळत असेल तर तिला जुलाब समजून गोळी देऊ नका, वर खडा अडकलेला असतो आणि बाजूने पाणी येत असतं. मी नवी असताना दिली होती.)

मृत्यूबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तो येणार. माझा पहिला पहाटे साडेचारला आला, नाईटला मी एकटी. मुलगा अमेरिकेत, व्हिडिओ कॉलवर. मावशींनी आधीच तुळशीचं पान आणून ठेवलं होतं, मला सुचलंही नव्हतं. मृत्यू झाला असं सांगायचा अधिकार नर्सचा नाही. डॉक्टर येऊन तपासतात, तेच सर्टिफिकेट देतात. तोवर तुम्ही नातेवाइकांना 'डॉक्टर येताहेत' एवढंच म्हणायचं, आणि हे वाक्य म्हणताना आवाज सांभाळणं फार अवघड असतं. नंतर मी स्टोअर रूममध्ये बसून रडले आणि सहा वाजता शुगर तपासायला उठले. शेवटच्या दिवसांतल्या वेदना, श्वास, तोंड कोरडं पडणं हे नीट शिकायचं असेल तर वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे, १९९७ पासूनचं. तिथे ट्रेनिंगही होतं, चौकशी करा.

आता जावं की नाही. मी जा म्हणेन, पण डोळे उघडे ठेवून. सरकारी भरती किंवा परदेश डोक्यात असेल तर तिथे कोणता अनुभव धरतात हे आधी तपासा. बऱ्याच ठिकाणी हॉस्पिटलचाच मागतात. जर्मनीसारख्या देशात वृद्धसेवेला मान आहे, पण त्याआधी साधारणपणे जर्मन भाषेची बी-टू पातळी (सहा पातळ्यांपैकी चौथी) गाठावी लागते. वर्ष-दोन वर्षांनी हॉस्पिटलला जायचंच असेल तर तोवर बीएलएसचा (हृदय किंवा श्वास थांबल्यावर करायच्या प्राथमिक उपचारांचा) कोर्स करून ठेवा, आणि सेंटरमध्ये कोणाला आयव्ही लावायची असली की 'मी लावते' म्हणून पुढे व्हा.

जॉइन होण्याआधी फोन करून विचारायचे प्रश्न: नाईटला किती जणांमागे एक सिस्टर? डॉक्टर किती वेळा येतात, आणि रात्री दोन वाजता फोन कोण उचलतं? पेशंट कोणत्या हॉस्पिटलला हलवतात, सेंटरची गाडी आहे की १०८? रात्री ३० जणांमागे एकच सिस्टर आणि ती तुम्ही, तेही पहिल्याच आठवड्यापासून, असं उत्तर आलं तर नको म्हणा. निदान महिनाभर सिनियरबरोबर ड्युटी लावा असं लेखी मागा. ओरिजिनल सर्टिफिकेट आणि नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन कोणाकडेही जमा करू नका, झेरॉक्स द्या. 'सेफ कस्टडी'साठी ठेवतो म्हणणाऱ्यांकडून माझे कागद सोडवायला मला पाच महिने लागले होते.

आणि डायपरचं म्हणाल तर हो, बदलावे लागतात. मावशी कमी असतील त्या दिवशी जास्तच. तेव्हा निदान पाठ, टाचा आणि लघवीचा रंग बघून घ्या, पुन्हा उघडायला कोणाला वेळ नसतो.

अजून काही असेल तर खाली विचारा, या आठवड्यात माझी नाईट आहे, पहाटे तीन-साडेतीनला उत्तर देईन.