डेटापॅकमधील कमांड गेम सुरू करण्याआधी तपासता येतात का?

माइनक्राफ्टच्या जावा एडिशनसाठी आपण लिहिलेले डेटापॅक (गेममध्ये भर घालणाऱ्या फाइलींचा संच) रीलोड होते, चॅटमध्ये काहीच तक्रार दिसत नाही, तरीही त्यातले एक फंक्शन, म्हणजे ओळीने कमांड लिहिलेली एक फाइल, सापडतच नाही. तेव्हा अशा फाइली संगणकावरच तपासून घेण्याचे एखादे भरवशाचे साधन आहे का, असे आपण विचारले आहे. असे साधन आहे आणि मी ते नेहमी वापरतो: व्हीएस कोड या एडिटरमधील ‘डेटापॅक हेल्पर प्लस’ हे स्पायग्लास प्रकल्पाचे एक्स्टेन्शन. ते मोफत आणि मुक्तस्रोत आहे.

आपल्याला आलेल्या अडचणीचे कारण बहुधा असे असावे. फंक्शनच्या फाइलीतील एकाही ओळीची रचना चुकली, तर गेम तेवढीच ओळ गाळून पुढे जात नाही. ते संपूर्ण फंक्शनच लोड होत नाही. चुकीची नोंद फक्त लॉगमध्ये, म्हणजे गेमच्या नोंदींच्या फाइलीत होते आणि तीही पहिल्या चुकीच्या ओळीपुरती, त्यामुळे एक दुरुस्त करून रीलोड केल्यावरच पुढची चूक कळते. चॅटमध्ये कमांडच्या आधी आपण जी तिरकी रेघ देतो, ती फाइलीत चालत नाही, एवढ्यावरूनही फंक्शन अडते. हे एक्स्टेन्शन अशा सगळ्या चुका लिहितानाच अधोरेखित करते आणि जे फंक्शन किंवा स्कोअरबोर्डचे जे ऑब्जेक्टिव्ह (गुण किंवा आकडे साठवणारी नोंद) कुठेच तयार केलेले नाही, त्याचा उल्लेख आला तर तसा इशाराही देते. नावातले एखादे अक्षर चुकले असेल, तर ते इथेच सापडते. मात्र त्यासाठी एकटी फाइल न उघडता पॅक डॉट एमसीमेटा ही डेटापॅकची माहिती देणारी फाइल ज्यात आहे ते संपूर्ण फोल्डर उघडावे.

फोल्डर उघडल्यावर सर्वांत आधी आवृत्ती जुळते आहे का ते पाहावे, असा माझा आग्रह आहे. कमांडची रचना 2018 मधील 1.13 या आवृत्तीत मुळापासून बदलली. त्यानंतर 2024 मधील 1.20.5 मध्ये वस्तूंची माहिती महिरपी कंसातील एनबीटी या जुन्या पद्धतीऐवजी चौकोनी कंसातील कम्पोनंटच्या, म्हणजे सुट्या गुणधर्मांच्या रूपात लिहावी लागू लागली, आणि त्याच वर्षीच्या 1.21 मध्ये फंक्शन ठेवण्याच्या फोल्डरचे अनेकवचनी इंग्रजी नाव एकवचनी झाले. जुन्या व्हिडिओवरून शिकणाऱ्यांचे इथेच सर्वाधिक अडते, कारण फोल्डरचे नाव जुने राहिले तर आतली प्रत्येक ओळ बिनचूक असूनही गेम त्या फाइलींकडे पाहतही नाही. एक्स्टेन्शन आवृत्तीचा अंदाज पॅक डॉट एमसीमेटामधील पॅक फॉरमॅटच्या आकड्यावरून बांधते, 1.21 साठी तो 48 आहे. तो आकडा चुकीचा असेल, तर तपासणीही चुकीच्या नियमांनी होते.

आता या साधनाची मर्यादाही स्पष्ट सांगायला हवी. समजा, प्रत्येक खेळाडूच्या पायाखाली सोन्याचा ठोकळा यावा म्हणून आपण टिक टॅगमधून, म्हणजे सेकंदाला 20 वेळा, चालणाऱ्या फंक्शनमध्ये ‘एक्झिक्यूट ॲज’ वापरून सगळे खेळाडू निवडले आणि पुढे ‘कमांड चालते त्या जागेपासून’ असा अर्थ असलेली टिल्डा चिन्हे (~) देऊन ठोकळा ठेवणारी ‘सेटब्लॉक’ कमांड लिहिली. रचनेच्या दृष्टीने ही ओळ निर्दोष असल्याने एक्स्टेन्शन काहीच बोलणार नाही. परंतु ‘ॲज’मुळे कमांड कोणाच्या नावाने चालते एवढेच बदलते, जागा बदलत नाही, त्यामुळे ठोकळा खेळाडूंपाशी न येता जगाच्या स्पॉनपाशी, म्हणजे खेळाडू सुरुवातीला जिथे अवतरतात त्या जागी येतो. जागा बदलण्यासाठी त्यानंतर ‘ॲट’ आणि स्वतःला दर्शवणारा ‘@एस’ हा सिलेक्टर जोडावा लागतो.

असा तर्कदोष गेममध्येच शोधावा लागतो आणि त्यासाठी 1.17 पासून ‘डीबग फंक्शन’ ही कमांड उपलब्ध आहे. तिच्यापुढे फंक्शनचे नाव दिले की ते फंक्शन चालते आणि त्यातील कोणत्या कमांडने काय उत्तर दिले, याची नोंद डीबग फोल्डरमधील मजकूर फाइलीत उतरते. आपले फंक्शन एक्स्टेन्शनच्या तपासणीत स्वच्छ निघाले आणि फोल्डरचे नावही बरोबर असले, तर ही नोंद आणि ती मूळ फाइल शेजारी शेजारी उघडून एकेक ओळ ताडून पाहावी.