पेनड्राइव्हमध्ये नेमकं काय आहे?

प्रश्न : ताई, नमस्कार. म्हापशात आमचा औषधांचा घाऊक व्यवसाय आहे. बिलिंगचं सॉफ्टवेअर एका मुख्य कॉम्प्युटरवर आहे, बाकी तीन त्याला जोडलेले. रोज दुकान बंद करताना आमचा माणूस सॉफ्टवेअरचा फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करतो. पेनड्राइव्ह तिथेच लावलेला असतो. मागच्या पावसात शेजारच्या दुकानातला कॉम्प्युटर विजेच्या झटक्याने जळला, तेव्हापासून मनात धाकधूक आहे. एवढा बॅकअप पुरे का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : पुरे नाही. मला तर त्या पेनड्राइव्हवर तुमची बिलं आहेत की नाहीत याचीच शंका येते.

तुमच्यासारख्या दुकानांत मी पाहिलेली बरीच सॉफ्टवेअर आपला डेटा एसक्यूएल सर्व्हरमध्ये, म्हणजे नोंदी सांभाळणाऱ्या एका वेगळ्या प्रोग्रॅममध्ये ठेवतात. त्याच्या फाइल्स सहसा वेगळ्याच जागी असतात. सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये असतो तो प्रोग्रॅम आणि छपाईचे नमुने. शिवाय सर्व्हर चालू असताना डेटाची फाइल साध्या कॉपीने घेता येत नाही, तो तिला धरून बसलेला असतो. बॅकअप सॉफ्टवेअरच्या बॅकअप मेनूतून किंवा एसक्यूएलच्या बॅकअप कमांडनेच घ्यावा लागतो.

मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा फोंड्यातल्या एका औषधविक्रेत्याकडे वीज गेली. ती परत येताना मुख्य कॉम्प्युटरची डिस्क गेली. ते दोघं नवरा-बायको आठ महिन्यांच्या कॉपीचा पेनड्राइव्ह घेऊन माझ्याकडे आले. उघडला तर आत दुकानाचा लोगो, बिलाचा नमुना, प्रोग्रॅम. बिल एकही नाही. चलनांच्या कार्बन प्रती पसरून आम्ही उधारी पुन्हा चढवली. पण कुठल्या बॅचचा माल कुणाकडे गेला, मुदत संपलेला माल कंपनीला कुठल्या बिलावर परत करायचा, हे शेवटपर्यंत जुळलं नाही. किराणा मालाची मोजदाद करून साठा उभा करता येतो, औषधांचा नाही. त्या बाईंचा चेहरा मला अजून आठवतो, म्हणून हे इतकं सविस्तर लिहिते आहे.

आता तुमच्यापुरतं बोलू. आधी ठरवा, किती तासांची बिलं हाताने पुन्हा चढवणं तुम्हाला झेपेल. शुक्रवारी बाजाराच्या दिवशी दुपारी चार वाजता डिस्क गेली, तर आदल्या रात्रीच्या बॅकअपने सबंध दिवस जातो. म्हणून रात्री पूर्ण बॅकअप आणि दिवसा दर अर्ध्या तासाने लॉगचा, म्हणजे मधल्या काळातल्या बदलांच्या नोंदीचा, बॅकअप लावून घ्या. त्यासाठी डेटाबेस ‘फुल रिकव्हरी’ या सेटिंगवर ठेवावा लागतो. एसक्यूएलची मोफत एक्सप्रेस आवृत्ती असेल तर तिच्यात वेळापत्रक लावायची सोय नसते. विंडोजच्या टास्क शेड्युलरने ते काम होतं. सॉफ्टवेअर देणाऱ्याकडून एकदा बसवून घ्या, माणसाच्या आठवणीवर सोडू नका.

प्रती तीन हव्यात : चालू डेटा, एका बाहेरच्या डिस्कवर एक आणि दुकानाबाहेर एक. डिस्क काम झालं की काढायची. खंडणी मागणारा व्हायरस आला तर जोडलेली डिस्कही तो कुलूपबंद करतो. दोन डिस्क आलटून पालटून घरी न्या. आपल्याकडच्या दमट हवेत त्या घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. क्लाउडवर ठेवणार असाल तर मूळ डेटा आणि प्रत एकाच इमारतीत नाहीत ना, हे विचारा. मार्च 2021 मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा काही ग्राहकांचे बॅकअपही मूळ डेटासोबत जळाले.

जुन्या प्रती पुसण्याची घाई नको. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाच्या नोंदी त्या वर्षाचं वार्षिक विवरण भरण्याच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपायच्या असतात.

सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलर (ते पुन्हा बसवायची फाइल) कुठे आहे, लायसन्स, पासवर्ड आणि दुरुस्ती करणाऱ्याचा फोन हे सगळं एका कागदावर लिहून घरच्या कपाटात ठेवा. कॉम्प्युटर बंद पडल्यावर त्यातलीच यादी कशी वाचणार?

चवथीला दुकान बंद असेल तेव्हा दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो बॅकअप रिस्टोअर करून, म्हणजे त्यातून डेटा पुन्हा उभा करून बघा. किती वेळ लागला ते घड्याळ लावून मोजा. मग तीन गोष्टी ताडून पाहा : शेवटच्या बिलाचा नंबर, एखाद्या ग्राहकाची येणे बाकी आणि एका औषधाचा बॅचवार साठा. पण त्या पेनड्राइव्हसाठी चवथीपर्यंत थांबू नका. आज संध्याकाळी तो दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा आणि त्यावरून कालचं एक बिल काढता येतं का, ते मला कळवा.